सन तेराशे बावन्नचा दाखला

एकतीस वर्षं पुण्याच्या सरकारी शाळेत मराठी शिकवून मी उमरग्याला परत आलो, तेव्हा गाव निजामाच्या राज्यात होतं आणि पेन्शन इंग्रजांची होती. पुण्यातल्या मित्रांनी सगळं समजावून दिलं होतं. मोगलाईत इन्कमटॅक्स नाही, इंग्रजी कलदार रुपयाला तिथल्या हाली रुपयापेक्षा जास्त भाव, त्रास काय तो सरहद्दीवरच्या जकातीचा. माझी पेन्शन कर बसण्याइतकी मोठी कधीच नव्हती, पण ते सांगायचा मला संकोच वाटला. नाक्यावरच्या शिपायानं पुस्तकांच्या चार पेट्या उघडून विचारलं, "विकायला का?" मी म्हटलं, "वाचायला." त्याला कणव आली आणि त्यानं पेट्या तशाच सोडल्या.

अट एकच होती. पुण्याच्या खजिन्याला हयातीचा दाखला पाठवायचा. दिवाळीनंतर तहसीलदारांनी तो उर्दूत दिला. मी सुवाच्य अक्षरात त्याचा मराठी तर्जुमा करून जोडला आणि दोनदा वाचून पाहिला.

महिन्याभरानं खजिन्याचं पत्र आलं. 'दाखल्यावरून अर्जदार सन १३५२ साली हयात होते असे दिसते. ते सध्या हयात आहेत किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. तोपर्यंत पेन्शन तहकूब. खुलासा समाधानकारक नसल्यास दर तिमाहीस समक्ष हजर राहावे लागेल.'

तर्जुम्यात 'फसली' हा शब्द मी गाळला होता. निजामाच्या कचेरीत महसुलाचा फसली सन चालायचा. बाहेर जग १९४२ मध्ये होतं आणि आम्ही १३५२ मध्ये. बोलताना कुणी 'फसली' म्हणत नसे. चार महिन्यांत मीही म्हणेनासा झालो होतो.

तेव्हा लढाई चालू होती. सोलापूरची मोटार पेट्रोलवाचून आठ-आठ दिवस सुटत नव्हती. दर तिमाहीला पुणं गाठणं माझ्यानं होणार नव्हतं. म्हणजे पुन्हा तिथंच खोली घेऊन राहायचं. माझी बायको उमाबाई पत्र ऐकून म्हणाली, "जन्मभर पोरांचे कान धरलेत. आता तुमचा कोण धरणार?" मग चुलीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "मी न्हाय जायची आता परत."

मी फकरुद्दीन पेशकारांकडं गेलो. तहसील कचेरीत चाळीस वर्षं कागद लिहून ते घरी बसले होते. नजर अधू झाली होती. मी पत्र वाचून दाखवलं. ते इतके हसले की खोकला लागला.

"मास्तर, तुमी तर लईच पुराने निघालात. सहाशे वर्सांची पेन्शन मागा की."

"माझीच चूक आहे, पेशकारसाहेब."

"चूक कशाची? इथं राहायला लागलात, त्याचा हा पुरावा हाय. बसा. आज काय वार?"

"सोमवार. डिसेंबरची चौदा."

त्यांनी डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. कुठलं पंचांग नाही, तक्ता नाही.

"लिवून घ्या. फसली तेराशे बावन्न, बहमनची नववी. हिजरी तेराशे एकसष्ट, जिल्हेजची पाचवी. शके अठराशे चौसष्ट, मार्गशीर्ष, शुद्ध पक्ष. संवत एकोणीसशे नव्याण्णव. इसवी तुमची तुमाला ठावंच हाय."

मी एकाखाली एक लिहून घेतलं. मी शाळेत सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण त्या मला नेहमी वेगवेगळ्या खोल्यांसारख्या वाटत. या माणसानं मधल्या भिंतीच काढून टाकल्या होत्या. एका साध्या सोमवारावर पाच कालगणना येऊन टेकल्या होत्या, आणि त्या दिवशी मी जिवंत होतो.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकवणार कोण? जमीन फसलीत, निकाह हिजरीत, लग्न शकात, आन फौजेतून आलेला माणूस इसवीत बोलणार. भांडण एकच. कागदावर समद्यांना एका दिवशी आणून बसवावं लागायचं. चुकलो तर कुणाचं तरी शेत जायचं. म्हणून चुकलो न्हाय."

घरी येऊन मी त्या तारखा पंचांगाशी ताडून पाहिल्या. विश्वास नव्हता म्हणून नव्हे. पुन्हा एकदा बघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी नवा दाखला दिला. त्यावर पाचही तारखा होत्या. माझ्या तर्जुम्याचा एकेक शब्द पेशकारांनी कान लावून ऐकला, 'फसली' दोनदा.

फेब्रुवारीत खजिन्याचं उत्तर आलं. थकलेली पेन्शन पाठवत आहोत, यापुढे उमरग्याच्या तहसीलदारांचा दाखला चालेल, हजर राहण्याचं कारण नाही. उमाबाईनं ते मला तीनदा वाचायला लावलं आणि मग शेजारी सांगायला गेली. मी पत्र घेऊन पेशकारांकडं गेलो.

"तारीख काय टाकलीय त्यांनी?"

"नुसती इसवी."

त्यांनी दौत मागवली, कागद डोळ्यांपाशी नेला आणि इंग्रजी तारखेखाली सावकाश फसली तारीख लिहिली.

"आता हा कागद उमरग्याला पोचला," ते म्हणाले.