दोन काठ्यांच्या पलीकडे

"तिथं उभा होता तो रानडुक्कर," विन्कोमास्तरांनी डावीकडच्या तुटक्या बुंध्याकडे बोट केलं. "बार काढला तसा चौखूर उधळला, वर कड्याकडे. फुकट गेला माझा बार."

नेझाने ब्रिनाच्या पट्ट्याला बांधलेला लांब चामडी दोर सैल सोडला. तांबूस अंगाची, लोंबत्या कानांची ती कुत्री मुंडी खाली घालून ओल्या पानांवरून निघाली. नेझा मागून पुटपुटत होती, जात्यावर बसल्यासारखी, एकाच लयीत: "हळू गं बाई, हळू गं सोनी, वास धर, श्वास धर."

काल संध्याकाळी हाका उठला, तेव्हा या बाजूला एकच बार झाला होता. रात्री बर्फमिश्रित पाऊस झोडपून गेला. कोचेव्येच्या रानातल्या शिकार मंडळाचा नियम असा, की बार फुकट गेला हे माणसाने सांगायचं नाही, कुत्र्याने सांगायचं. जखमी जनावर रानात तडफडत राहू नये म्हणून हा नियम मास्तरांनीच वीस वर्षांपूर्वी लिहिला होता. त्यामुळे आज पहाटे फोन करून नेझाला बोलवावं लागलं, तेही त्यांनाच. माग काढणारी तिच्याशिवाय या डोंगरात कोणी नव्हती.

ब्रिना बुंध्याभोवती फिरली, शिंकली आणि नेझाकडे बघत राहिली. काही नव्हतं.

"घ्या!" लोय्झे मागून ओरडला. हा लाकूडतोड्या काल मास्तरांच्या शेजारच्या ठाण्यावर बसला होता आणि आज डुक्कर सापडलं तर ओढायला म्हणून आला होता. "मास्तर, शाळेत आमची बेरीज चुकली की हातावर पट्टी मारायचात. आता तुमचा नेम चुकला, कुणी मारायची पट्टी?"

"तूच मार. तेवढंच राहिलंय," मास्तर म्हणाले, पण हसले नाहीत.

"नको बाबा. काल माझा दिवस चांगला गेला. बार न काढता मानाची फांदी मिळाली!" लोय्झेने टोपीला खोचलेली फरच्या झाडाची हिरवी काडी दाखवली. शिकार साधली की शिकाऱ्याच्या टोपीत अशी काडी खोचतात. "भाकर खात होतो, वारा नाही, पाखरू नाही, आणि ही आपली आभाळातून मांडीवर! म्हटलं, रान मला मान देतंय, नाही कसं म्हणू?"

नेझा ओठाच्या कोपऱ्यातून हसली, आणि तेवढ्यात दोराला हिसडा बसला. ब्रिना उजवीकडे ओढत होती.

मास्तरांच्या ठाण्यासमोर जमिनीत दोन सोललेल्या काठ्या रोवलेल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. हाक्याआधी प्रत्येकाच्या ठाण्यासमोर अशा काठ्या रोवतात. बार त्या दोन काठ्यांच्या मधे. पलीकडे सोन्याचं हरीण आलं तरी बंदूक फिरवायची नाही, कारण पलीकडे शेजारी बसलेला असतो. सगळ्यांच्या काठ्या दर हिवाळ्यात मास्तरच रोवत आले. नेझाची शिकारीची परीक्षा त्यांनीच घेतली होती. बोट धरून काठीपाशी नेऊन म्हणाले होते, "पोरी, ही काठी नाही. हे कुणाच्या तरी घराचं दार आहे."

ब्रिना उजव्या काठीच्या पलीकडे गेली. वीस पावलं. तीस. मग थांबून नाकाने पानं उलथू लागली. नेझा गुडघ्यावर बसली. कापल्यासारखे तुटलेले काळे राठ केस. त्यांच्याखाली नखाएवढी पांढरी कपची, कडा धारदार. हाड.

केस आणि हाडाची कपची गोळी लागते तिथंच पडते.

तिने मान वळवून मास्तरांच्या ठाण्याकडे पाहिलं, मग त्याच रेषेत पुढे. रेषा सरळ जाऊन टेकली ती जुन्या फरच्या झाडाला. त्या झाडाखाली काल लोय्झे भाकर खात बसला होता.

लोय्झेच्या टोपीतली काडी आता तिला नीट दिसली. देठाकडून ती मोडलेली नव्हती. गोळीने खरवडून तुटली होती.

"सापडलं काही?" मास्तरांचा आवाज कोरडा पडला होता.

"हाड आहे."

"म्हणजे... लागली वाटतं. जाताना इकडून गेला असेल."

ज्या माणसाने आपल्याला रान वाचायला शिकवलं, त्याला सगळ्यांदेखत खोटं कसं ठरवायचं? आभाळ राखेसारखं खाली उतरलं होतं. दुपारपर्यंत बर्फ पडणार आणि माग पुसणार. तिने दोर आखडता घेतला.

माग वर कड्याकडे गेला नाही. तो खाली उतरला, आणि जमीन खचून झालेल्या एका खोल द्रोणाच्या काठाशी येऊन थांबला. द्रोणात कोवळ्या स्प्रूस झाडांची गच्च जाळी. आत हात घातला तर हात दिसू नये इतकी दाट. ब्रिनाच्या पाठीवरचे केस ताठ झाले. गळ्यातून अगदी बारीक गुरगुर आली.

तो आत होता. जिवंत.

"बंदुका रिकाम्याच ठेवा," नेझा कुजबुजली. "आत फक्त माझी भरलेली. झाडाला पाठ लावून उभे राहा."

लोय्झेची थट्टा थांबली होती.

नेझाचा हात कुत्रीच्या पट्ट्यावर होता. कपची जबड्याची असेल, तर जनावर चार पायांवर आहे. ते उठून मैलोगणती पळेल आणि उपाशी मरायला आठवडा घेईल. त्याला अडवायला ब्रिनाला मोकळं सोडावंच लागेल. पण कपची पुढच्या पायाची असेल, तर ते पळणार नाही. आपल्याच मागाकडे तोंड करून पडून राहील, सुळे परजत. मग ब्रिनाला सोडणं म्हणजे तिला मारायला पाठवणं. दोन हिवाळ्यांमागे याच जातीची थोरली कुत्री तिने अशीच सुळ्यांनी फाडलेली, पोटाशी धरून घरी आणली होती. ती रस्त्यातच गेली.

केवढीशी कपची. हाताला कळत नव्हतं. पाहिलेला माणूस एकच होता.

"मास्तर, बार लागला तेव्हा काय केलं त्यानं?"

"सांगितलं ना. चौखूर..."

"मास्तर." तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पट्ट्याची कडी तिच्या अंगठ्याखाली होती. "तुम्ही चौखूर म्हणालात तर मी हिला सोडते. तुमच्या शब्दावर सोडते. एकदा विचार करून सांगा."

खाली जाळीत काहीतरी कटकन मोडलं. ब्रिनाने वर पाहिलं, तिच्या मऊ तपकिरी डोळ्यांत काही शंका नव्हती. सोडलं की ती जाणार होती.

मास्तरांनी एकदा लोय्झेकडे पाहिलं. मग टोपी काढली. पांढरे केस कपाळाला चिकटलेले होते.

"नाकावर पडला," ते म्हणाले. "पुढचा उजवा पाय लुळा पडला. तीन पायांवर इकडे खाली आला. बुंध्यापाशी नव्हताच तो, नेझा. काठीच्या पलीकडे होता. मी त्याच्याबरोबर बंदूक फिरवली. डोळ्यांसमोर तेवढा काळा गोळाच होता. काठी दिसली नाही, आणि लोय्झेही दिसला नाही."



नेझाने कडी सोडली नाही. दोर जवळच्या बीचच्या खोडाला दोन वेढे देऊन बांधला आणि ब्रिनाच्या तोंडावर हात ठेवला. "हळू गं सोनी. आज तू नाही."

जनावर मागाकडे तोंड करून बसलं असणार, म्हणून ती द्रोणाला वळसा घालून पलीकडून, वारा तोंडावर घेत उतरली. एक पाऊल, थांबणं. दुसरं पाऊल, थांबणं. फांद्यांवरचं पाणी मानेत गळत होतं. आधी वास आला, उग्र, कुजका. मग जाळीच्या सावलीहून काळी एक सावली, तिच्याकडे पाठ. आठ पावलं. तिच्या बुटाखाली दगड सरकला.

ते वळलं. तीन पायांवर, विश्वास बसू नये इतक्या वेगाने. जाळी फाटली, सुळ्यांची पांढरी रेघ पुढे आली. मागे फक्त द्रोणाची उभी माती होती, माणूस नव्हता, हे तिने त्याही क्षणी पाहिलं, आणि मगच बोट दाबलं.

आवाज द्रोणात फिरून फिरून शांत झाला. डुक्कर तिच्या बुटापासून हातभर अंतरावर पडलं होतं.

तिने थांबून, लांब काडीने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. डोळा हलला नाही, तेव्हा हाक मारली. तिघांनी मिळून ते काठावर ओढलं. नेझाने स्प्रूसची डहाळी मोडून त्याच्या दातांत ठेवली, रानाचा शेवटचा घास. रीतीप्रमाणे दुसरी डहाळी, रक्त लावून, पहिला बार लावणाऱ्याला द्यायची. ती तिने मास्तरांपुढे धरली. त्यांनी मान हलवली.

"नको पोरी. मंडळाच्या वहीत आज संध्याकाळी मीच लिहीन सगळं. बंदूकही तिथंच ठेवीन."

लोय्झेने टोपीला हात घातला, कालची काडी उपसली, तिचा खरवडलेला देठ अंगठ्याने चाचपला. गोळी कुठून गेली ते आता त्यालाही कळलं.

मग त्याने मास्तरांचा हात धरला, तळवा उघडला आणि काडी त्यात ठेवली.

"ही तुमची," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी काठ्या मी रोवतो. तुम्ही शेजारी उभे राहा आणि नव्या शिकारी पोरांना ही दाखवा."

मास्तरांनी मूठ मिटली. पहिले बर्फाचे कण त्यांच्या उघड्या डोक्यावर पडू लागले, आणि त्यांनी टोपी घातली नाही.