काल्याचा घास

हंडी फुटली आणि दह्यात कालवलेल्या लाह्या मांडवातल्या माणसांच्या डोक्यावर सांडल्या. माणिकरावांनी परातीतून मूठभर काला उचलून आधी वीणेकऱ्याला भरवला, मग कीर्तनकार महाराजांना. सप्ताहाची सांगता अशीच होते. काल्याच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना भरवायचं आणि कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही, मग समोर वैरी का असेना. यंदाची पंगत माणिकरावांनी उगाच अंगावर घेतली नव्हती.

कडूबाई बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होती. तिचा लेक महारुद्र माणिकरावांच्या वाळूच्या गाड्या अडवायला नदीत उतरला आणि त्यातल्याच एका गाडीखाली गेला. त्या गाडीत माणिकराव बसले होते, 'घाल अंगावर' असं तेच म्हणाले, हे महारुद्रच्या बायकोनं, राजेश्रीनं, स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बाकीच्या साक्षीदारांना आता काही आठवत नव्हतं. राजेश्रीची साक्ष उद्या परभणीच्या कोर्टात होती, आणि माणिकरावांना निवडणुकीचं तिकीट हवं होतं.

गाव मोठ्या मनाचं. दुसऱ्याच्या लेकाचं मरण माफ करायला त्याला फारसं जड जात नाही. सरपंच व्यंकटराव तर सकाळी सकाळी कडूबाईच्या ओट्यावर येऊन बसले होते.

"माणिकभाऊ गावादेखत पाया पडायलेत म्हणल्यावर आजून काय पायजे तुला? एक घास भरव. सासूनंच माफ केलं म्हणल्यावर सुनंला कोर्टात बोलायला काय राहतंय?"

"मी भरवणार न्हाई," कडूबाई म्हणाली होती. "आन् ती बोलणार हाय."

आता माणिकराव तिच्यासमोर आले. मांडवभर मोबाइल वर झाले. ते वाकले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. विठ्ठलनामाचा गजर वाढला. कडूबाईनं पाय मागं घेतले आणि दोन्ही हात पदरात गुंडाळले. तिला त्या माणसाची किळस येत होती आणि ती लपवायची तिची मुळीच इच्छा नव्हती. गजर हळूहळू विरळ झाला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

माणिकराव उठले. रागावलेले दिसले नाहीत. कडूबाईच्या शेजारी तिची नात उभी होती. तिच्यापुढं ते उकिडवे बसले आणि हातातला काला त्यांनी तिच्या तोंडाशी नेला.

"भक्ती, आज निळी रिबीन न्हाई बांधली?"

"आज शाळंला सुट्टी हाय," भक्ती म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

कडूबाईनं नातीला जवळ ओढलं. शाळा सुटायच्या वेळेला कडूबाई आणि राजेश्री दोघी रानात असायच्या. पोर एकटीच सडकेनं घरी यायची.

"लय गुणाची पोरगी हाय, मावशी," माणिकराव वर बघून म्हणाले. "जपा तिला."

कडूबाईनं पदरातून हात काढला. परातीतला घास घेतला आणि त्यांना भरवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. काही बायकांनी डोळे पुसले.

घरी येताच राजेश्रीनं दार लावलं.

"आत्याबाई, ह्ये काय केलं तुमी?"

"त्याला वाटू दे, मिटलं म्हणून." कडूबाई नातीचे कपडे पिशवीत कोंबत होती. "तू पोरीला घिऊन आत्ताच निघ. देवगाव फाट्यावरून एस्टी धर. हिला जालन्याला तुज्या आईपाशी ठिव आन् तशीच सकाळी कोर्टात ये."

"तुमी एकट्या हितं?"

"मला कोण काय करतंय आता? तू फकस्त जे ऐकलं ते सांग."

राजेश्रीनं तोंडावर पाणी मारलं, पिशवी उचलली आणि दार उघडलं.

बोळाच्या तोंडाशी पांढरी जीप उभी होती. ड्रायव्हरनं खाली उतरून कडूबाईला वाकून नमस्कार केला.

"भाऊ म्हणले, कुठं जायाचं आसंल तर बायामाणसांची तंगडतोड नको. कुठं सोडू, मावशी?"

कडूबाई तोंड उघडायच्या आत भक्ती हात सोडवून पळाली. तिनं सवयीनं दार ओढलं, सीटवर चढली आणि काच खाली केली.

"मम्मी, तू मागं बस," ती म्हणाली. "पुढची जागा माजी हाय."