श्रीपतरावांची गैरहजेरी

आमच्या गावच्या श्रीपतरावांचं नाव इतकं लांब, की मैलूरच्या फ्लेक्सवाल्यानं ते छापायला घेतलं तेव्हा शाई कमी पडली आणि आळंदहून मागवावी लागली. माननीय, सन्माननीय, जनतेचे कैवारी, श्रीपतराव अण्णा बसवंतराव पाटील, माजी अध्यक्ष. बॅनर दोन खांबांत मावेना. शेवटी मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरचा विजेचा खांबच दया येऊन वाकला आणि त्यानं तिसरं टोक धरलं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून वाकडाच आहे.

त्याच बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात, फ्लेक्सवाल्याच्या फोननंबराशेजारी, एकच शब्द होता: पंचशीला.

ही पंचशीला म्हणजे पंचशीला सोनकांबळे, आमच्या ग्रामपंचायतीच्या चालू अध्यक्ष. कलबुर्गीत बारा वर्षं पोरांना गणित शिकवून गावी परतल्या आणि निवडून आल्या. पण गावच्या बाप्यांच्या जिभेला कसला रोग जडला होता कोण जाणे. 'अध्यक्ष' म्हणायला गेली की टाळ्याला चिकटायची, 'सोनकांबळे मॅडम' म्हणायला गेली की लुळी पडायची. घरच्या बैलाला 'सर्जेराव' म्हणून हाक मारणारी ही माणसं, तालुक्याच्या साहेबाला फोनवर सांगायची, "व्हय साहेब, पंचशीलाला सांगतो मी." जणू ती यांच्या गोठ्यात शेण काढायला होती.

बाईंनी चार वर्षं खेटे घालून बुद्धनगरासाठी पाण्याची टाकी मंजूर करून आणली. तिथल्या बाया मैलभर लांबच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. टाकी मंजूर झाल्याबरोबर श्रीपतरावांना साक्षात्कार झाला, की टाकीला खरी जागा त्यांच्या उसाशेजारीच शोभेल. तसा ठराव सोमवारच्या बैठकीत यायचा होता. तेरा सदस्य, सात बाप्ये, सहा बाया. निकाल सांगायला गणिताची मास्तरीण लागत नव्हती.

आता आमच्या पंचायतीच्या हजेरीचं सांगतो. नाव पुकारायचं, माणसानं "हाजर" म्हणायचं, शेवटी कारकुनानं तांबडी रेघ मारायची. रेघेनंतर मत नाही. हा नियम श्रीपतरावांचाच. अध्यक्ष असताना, खुरपणीहून बाया पाच मिनिटं उशिरा आल्या, तेव्हा त्यांना बाहेर ठेवायला केलेला. हजेरी घ्यायचा कारकून विरुपाक्ष. तो बाप्यांची नावं आरतीसारखी म्हणायचा आणि बायांची वाणसामानाच्या यादीसारखी.

सोमवारी बाईंनी हात पुढं केला. "विरुपाक्ष, वही आणा हिकडं. आज हजेरी मी घेते."

चष्मा लावला, पेन उघडलं.

"श्रीपती."

श्रीपतराव छताकडं बघू लागले.

"श्रीपती," बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, वर्गात म्हणतात तशा.

तुरीचा अडत्या पंचाक्षरी पुटपुटला, "अण्णा, तुम्हालाच म्हणायलीय वाटतं."

"मला? माझ्या बापानं मला असं म्हणलं न्हाई!" अण्णांच्या मिशा अशा ताठ झाल्या, की एकेकीवर धोतर वाळत घालावं. "कुणीबी ओ द्यायची न्हाई!"

"गैरहजर," म्हणत बाईंनी लिहिलं. "पंचाक्षरी."

पंचाक्षरीनं अण्णांच्या तोंडाकडं बघितलं आणि आपलं मिटलं. त्याच्यामागं आणखी चौघांनी मिटलं. सहा थोर पुरुष, सहा कुलपं.

"सिद्धराम."

सिद्धराम हा सातवा. बकऱ्या राखणारा, अण्णांनी हात वर करायला म्हणून निवडून आणलेला. तीन वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्याला सिद्ध्या म्हणायचे. आपलं नाव अख्खं कसं ऐकू येतं, हे त्याला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. तो उठून असा ओरडला, की छपरावरची कबुतरं उडाली ती थेट हुमनाबादेत उतरली.

"हाजर! हाजर! हाजर!"

"एकदा बास, सिद्धराम. बसा."

मग चन्नम्मा, मग कोंडाबाई, मग बाकीच्या. एकट्या नावाला ओ द्यायची त्यांना जन्माची सवय. शेवटी बाईंनी स्वतःलाही पुकारलं, "पंचशीला," आणि स्वतःच म्हणाल्या, "हाजर." मग रेघ मारली. तेरातले सात. सभा भरली.

श्रीपतराव उठले. "आम्ही हितं बसलाव, दिसंना का?"

"दिसायलाव की. पण नाव पुकारलं तवा बोलला न्हाईत."

"ते नाव म्हणायची रीत हाय का? मानपान हाय का न्हाई काही?"

"कामून? चार वर्सं मला तसंच म्हणायलाव. मी एकट्या नावाला ओ देत देत टाकी आणली. तुम्हाला एकदा ओ देता आली न्हाई?"

अण्णांनी विरुपाक्षाकडं बघितलं. विरुपाक्षानं वहीकडं बघितलं. "रेघ पडली, अण्णा. नियम तुमचाच हाय."

टाकी बुद्धनगरातच होणार, असा ठराव सात मतांनी झाला. सिद्धरामनं दोन्ही हात वर केले होते, एकच धरला.

बाहेर ओसरीवर श्रीपतराव फोनवर रडगाणं गात होते. "काय सांगू साहेब, पंचशीलानं घात केला..."

सिद्धराम चपला घालत होता. त्यानं मान वर केली.

"कोण पंचशीला? अध्यक्ष सोनकांबळे मॅडमला म्हणायलास काय, श्रीपती?"

फोन हातातून पडला. पलीकडं साहेब अजून "हॅलो, हॅलो" करायलेत म्हणे. अण्णा काही ओ देत नाहीत.