इस्त्रीवर भाजलेली पट्टी

सैतान कधी भेटलाच, तर निदान तोलामोलाचा असेल, अशी वाफवालीची समजूत होती. प्रत्यक्षात आले ते भावोजी. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात तिच्या कायम नोकरीचं पत्र.

दवाखान्याच्या तळघरात ती शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमट्यांची गाठोडी वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची, म्हणून तिचं हे नाव. नऊ वर्षं तात्पुरती. दर अकरा महिन्यांनी हाती नारळ, आठवड्याने पुन्हा बोलावणं. भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तिथले साहेब. शिवाय चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी. रविवारी शास्त्रपाठ वाचताना त्यांचा गळा असा दाटून यायचा, की जणू तो शब्द देवाने सगळ्यांना सोडून त्यांच्याच कानात सांगितला होता.

तिचे नेम दोन. खेप बाहेर निघाली की मधलं एक गाठोडं उघडून आतली कागदी पट्टी बघायची. बाहेरची पट्टी काय, वरवरच्या वाफेनेही काळी होते. आतली काळी झाली तरच वाफ पोटापर्यंत पोचली. आणि वहीत नोंद करण्याआधी एक वचन तोंडपाठ म्हणायचं.

त्या सकाळी आतली पट्टी पांढरीफटक निघाली. झाकणाचं रबर चिरलं होतं. नवं मागवा म्हणून तिने भावोजींना दोनदा लिहून दिलं होतं.

"अगं, बाहेरची झालीय ना काळी?"

"बाहेरची झालीय. आतली नाही."

"आत कोण बघतंय?"

मंडळीचे वडील विचारत होते हे! वाफवालीने पांढरी पट्टी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"वर डॉक्टर खोळंबलेत. दुपारी तपासणीची माणसं येतायत. रबराचं उघडकीला आलं तर माझी धडगत नाही. आणि हे बघ," त्यांनी पत्र टेबलावर सरकवलं, "फक्त माझी सही राहिलीय. तू तिकडे वहीत कर, मी इकडे करतो. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, असं शास्त्रच सांगतं."

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "मंदिराच्या टोकावर नेऊन प्रभूला वचन कोणी ऐकवलं होतं, आठवतंय?"

सैतानाचं नाव आठवलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले. पट्टी उचलून तरातरा शेजारच्या कपड्यांच्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांनी तीच पट्टी चिमटीत धरून, फुंकर मारत परत आले.

"घे. झाली. आता लिही."

पट्टी तपकिरी झाली होती आणि कडेने गुंडाळली होती. वाफेने पट्टी काळी होते; इस्त्रीखाली करपते. ज्या कामाचे साहेब, त्यातलं एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं. पाप करायचं, तेसुद्धा अर्धकच्चं!

तिला हसू आलं. ते गिळता गिळता नजर पत्रावर गेली. तिचं पूर्ण नाव होतं, एकही चूक नव्हती. आणि ते पत्र तिला हवं होतं. जीभ कोरडी पडावी इतकं हवं होतं. नारळाच्या त्या आठवड्यात बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून, "अजून नाही का गं बोलावलं?" हे पुन्हा ऐकायला लागणार नव्हतं.

तिने वही ओढली. खेपेचा क्रमांक लिहिला, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता, आतली पट्टी काळी? होय की नाही.

वचन म्हणायला तोंड उघडलं, तर आजचं वचन गेलं कुठे! वर्षानुवर्षांचं पाठांतर शेपूट घालून पळालं होतं. मागे राहिलं ते एकच, लहानपणी रविवारच्या वर्गात शिकलेलं: तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही, त्याहून जास्त जे, ते त्या दुष्टाकडचं.

ते तिने मोठ्याने म्हटलं. मग रकान्यात 'नाही' लिहिलं, सही केली आणि फोन उचलून वर कळवलं, "खेप कच्ची आहे. पाठवत नाही."

"मूर्ख आहेस तू," भावोजी म्हणाले.

"असेन."

पत्र तिच्यासमोर फाडायचीही त्यांची छाती झाली नाही. चार घड्या घालून ते खिशात टाकलं, दोन पेनांच्या मागे.

नवं रबर दोन दिवसांत आलं. महिन्याभराने नारळही आला, तो मात्र अगदी वेळेवर. आठवडा उलटला, पण या खेपेला पुन्हा बोलावणं आलं नाही.

त्या रविवारी भावोजी शास्त्रपाठाला उभे राहिले. सैतानाने रानात प्रभूची परीक्षा घेतली, तो अध्याय होता. गळा नेहमीसारखा दाटून आला. बहिणीने डोळे पुसत वाफवालीला कोपराने ढोसलं.

"किती सुंदर वाचतात ना गं हे?"

करपलेली पट्टी, इस्त्री, चार घड्या, सगळं वाफवालीच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. सांगून टाकायच्या या मोहापुढे पत्राचा मोह काहीच नव्हता. तिने मनात तेच लहानपणचं वचन म्हटलं.

"हो," ती म्हणाली, "वाचतात सुंदर."