दोन-दोन माणसं

कौशल्याने गच्चीवरचा एरियलचा पाइप दोन्ही हातांनी धरून पुन्हा फिरवला आणि जिन्यातून खाली आवाज दिला.

“आलं का?”

“अजून एकाची दोन-दोनच माणसं दिसून राहिली!” महादेवराव बैठकीतून ओरडले. “तलावाकडे फिरव वं जरा!”

तलावाकडे तिने तो मघाशीच फिरवला होता. तरी पुन्हा फिरवला. नवऱ्याच्या टीव्हीशी वाद कोण घालणार? सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत टीव्ही एवढा एकच, आणि रविवारचा सिनेमा म्हटलं की अर्धी गल्ली त्यांच्या बैठकीत. फुकटात सिनेमा बघणाऱ्याने घरमालकाच्या चित्राला वाईट म्हणू नये आणि त्याने स्वतःच वाईट म्हटलं तर चांगलंही म्हणू नये, एवढी रीत सगळे पाळत.

“रुपराव, तुम्हाले कसं दिसते?”

शेजारचे रुपराव हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होते. महादेवराव कारखान्याची बस चालवत आणि रुपराव रोज त्यांच्या मागच्याच सीटवर बसत. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग महादेवरावांकडे.

“हो न भाऊ. दोन-दोनच दिसते.”

गल्लीतल्या शोभाताईंनीही मान हलवली.

महादेवरावांनी टीव्हीच्या मागचं बटण पिळलं. धडधाकट उभी असलेली नटी तिरपी झाली आणि खालून वर धावू लागली. सगळे माना वाकड्या करून बघू लागले.

कौशल्या हात झाडत खाली आली तोवर बटण परत जागेवर आलं होतं. चित्र स्वच्छ होतं. नायकाच्या शर्टावरच्या रेघासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या.

“पाह्य, अजून तसंच,” महादेवराव डोळे बारीक करून म्हणाले.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे. मागच्या आठवड्यात बस फाटकाला घासली, तेव्हा ते म्हणाले होते, फाटकच अरुंद आहे. परवा रस्त्यात तिच्या भावाला ओळखलं नाही, तेव्हा म्हणाले, ऊन डोळ्यावर होतं. दोन्ही वेळा तिने ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं. ज्या माणसाने उभा जन्म गाडी चालवली, तो घरी बसला तर खचेल, याची तिला धास्ती होती.

ती चहा टाकायला आत गेली. तिचा भाऊ नत्थू कप घ्यायला मागोमाग आला. तोही त्याच बसने कारखान्यात जाई.

“उद्या तू सायकलनं जाजो हिंगण्याले,” ती हळूच म्हणाली.

“काहून? भाऊजींची बस आहे न.”

“जाजो म्हटलं न.”

बैठकीतून रुपरावांचं हसणं ऐकू आलं. नत्थूने एकदा तिकडे पाहिलं.

“आन् बाकीचे, ताई?”

कौशल्याला स्वतःची लाज वाटली. चहा उतू गेला तरी तिचा हात पुढे होईना.

नत्थूने पुढे होऊन गॅस बंद केला. मग दोघांनाही कळलं की महादेवराव दारात उभे आहेत. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी चौकटीला हात लावला, तिथेच काही क्षण धरून ठेवला.

“नत्थू,” ते म्हणाले, “उद्या मले डबलसीट नेशील का गा?”