माझ्या झाकणातलं तांब्याचं बूच

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, पाच लिटरचा, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, एवढं जाडजूड भांडं, त्याला कसली आली भीती? पण कोंडलेली वाफ काय चीज आहे, हे ती ज्याच्या पोटात असते त्यालाच ठाऊक.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राने पत्रा दाबून माझं पोट केलं, झाकण केलं आणि झाकणाला दोन भोकं पाडली. एका भोकात नळी बसवली, तिच्यावर शिट्टी बसते. दुसऱ्यात सेफ्टी वॉल्व्ह बसवला. तो बटणाएवढा असतो आणि मुद्दाम कच्चा, लवकर वितळणारा ठेवलेला असतो. नळी तुंबली किंवा आतलं पाणी आटलं, तर तो आधी उडतो आणि वाफेला वाट करून देतो. माझ्या शेजारच्या कुकरला तिथल्या लोकांनी मुद्दाम कोरडा तापवला होता. त्याचा वॉल्व्ह फट्दिशी उडाला, तेव्हा तपासणारा माणूस खूश होऊन "पास" म्हणाला. वेळेवर मोडणं हेसुद्धा एक काम असतं, हे मी तेव्हाच शिकलो.

अनुसयाबाईंच्या लग्नात त्यांच्या राजेगावच्या भावाने मला आंदण म्हणून दिलं. त्यांचे यजमान शालिकराम मलाजखंडला तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथल्या क्वार्टरमध्ये मी वीस-बावीस वर्षं डाळ, भात, बटाटे शिजवले. त्यांची मुलगी श्रुतिका लहानपणी माझ्या शिट्ट्या मोजत मोजत आकडे शिकली. शालिकरामांचा दरारा मोठा होता. एकदा कुणीतरी कॉम्प्रेसरचा सेफ्टी वॉल्व्ह सारखा सुटतो म्हणून तारेने बांधून ठेवला, तर त्यांनी सगळं वर्कशॉप डोक्यावर घेतलं आणि दिवसभर मशीन चालू होऊ दिलं नाही. हे ते जेवताना पुन्हा पुन्हा सांगत, आणि मला फार बरं वाटे.

मग एके दिवशी डाळ गॅसवर विसरली गेली. पाणी आटलं, माझा वॉल्व्ह उडाला आणि छतापर्यंत पिवळा फवारा गेला. कुणाला इजा झाली नाही. मी आपलं काम चोख केलं होतं, शाबासकीची वाट बघत होतो. पण घरात सगळे म्हणाले, कुकर बिघडला. शालिकरामांनी तो वितळलेला तुकडा बोटात धरून बघितला आणि हसले.

"बाजारातलं कच्चं पार्ट आहे हे," ते म्हणाले. "मी असं पक्कं बसवतो का जन्मभर हलणार नाही."

त्यांनी पेटीतून तांब्याचा तुकडा काढला, कानशीने घासला आणि त्या भोकात दोन्ही बाजूंनी ठोकून बसवला. काम इतकं सुबक होतं की शेजारच्या दुर्गाबाई बघायला आल्या आणि आमच्याही कुकरले बसवून द्या भाऊ, म्हणाल्या. तांबं माझ्या झाकणावर टिकलीसारखं चमकत होतं. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी आतून गार पडलो होतो. मला मोडायला जागाच उरली नव्हती.

मित्रांनो, तेव्हापासून माझा एकही दिवस निर्धास्त गेला नाही. शालिकराम निवृत्त झाले, आम्ही बालाघाटला राहायला आलो, तरी भीती सोबत होतीच. पहिली शिट्टी होईपर्यंत जीव टांगणीला लागे. ती झाली की सुटलो, असं वाटे. मग दुसरीची धास्ती. मला बोलता येत असतं तर ओरडून सांगितलं असतं, पण आम्हां कुकरांना शिट्टीशिवाय वाचा नाही.

आणि मग बेक्ड बीन्स आले.

श्रुतिका आता मोठी झाली होती. कान्हाच्या जंगलाजवळ, मुक्कीच्या बाजूला एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. परदेशी पाहुण्यांना सकाळी टोमॅटोच्या रसातले गोडसर बीन्स लागत. ते डब्यातून येत आणि कधी कधी येतच नसत. तिथले मुख्य आचारी खेमराज तिला म्हणाले होते, घरी करून दाखव, जमले तर सकाळचा नाश्ता तुझ्याकडे. म्हणून ती तीन दिवसांची सुट्टी घेऊन आली, सोबत बारक्या पांढऱ्या राजम्याची पिशवी घेऊन. अनुसयाबाईंनी विचारलं, गोड राजमा कोण खाते बाई? श्रुतिका म्हणाली, तू मध्ये पडू नको, मी मोबाइलवर सगळं पाहून ठेवलं आहे. आई बिचारी अंगणात लसूण सोलत बसली.

शुक्रवारी तिने भिजवलेला राजमा, टोमॅटो, गूळ, व्हिनेगर, सगळं एकदमच माझ्यात घातलं. आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणे टणकच राहिले. तिला वाटलं, आच कमी पडली. शनिवारी सकाळी तिने पुन्हा तेच केलं, फक्त या वेळी राजमा दुप्पट घेतला आणि मला गळ्यापर्यंत भरलं. झाकणाचं रबरही नवीन, कुठून हवा जायला जागा नाही.

एक शिट्टी झाली. मग रस उकळून फेस वर आला आणि फेसाबरोबर राजम्याची सालं. त्यातलं एक साल सरळ नळीत जाऊन बसलं. मित्रांनो, कुणी तोंडावर हात दाबून धरावा तसं मला झालं. वाफ वाढत होती आणि तिला वाट नव्हती. खाली गुळाचा रस करपायला लागला. झाकण ताणलं गेलं, दांड्याचा स्क्रू कुरकुरला. मी त्या तांब्याच्या बुचाला विनवत होतो, बाबा रे, उड. पण ते शालिकरामांच्या हातचं काम होतं, ते कशाला हलतंय!

शिट्टी होत नाही म्हणून श्रुतिकाने काय केलं असेल? तिने गॅस मोठा केला. मग ती वाकली, माझ्याजवळ कान आणला आणि चमच्याने शिट्टीवर टकटक करू लागली. जी मुलगी माझ्या शिट्ट्यांवर आकडे शिकली, तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. स्वतःसाठी नाही. आपल्याच हातून हिचं काही होणार, या विचाराने मी अर्धमेला झालो.

शालिकराम अंगणात सायकलची चेन बसवत होते. जन्म मशीनच्या आवाजात गेलेला माणूस. आवाज थांबला की त्यांचा हात थांबे. ते तिथूनच बोलले.

"किती सीट्या झाल्या, बाई?"

"एकच झाली. मंग होऊनच नाही राह्यली. मी गॅस वाढवला."

चेन खाली पडल्याचा आवाज आला. ते दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हळू होता.

"त्याले हात नको लावू. माह्याकडं पाय. सरक मांगं, अन् बाहेर हो."

ती बाहेर गेली. शालिकराम गुडघ्यांवर बसून ओट्याखालून पुढे सरकले आणि सिलिंडरवरचं बटण फिरवून गॅस बंद केला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग तेही बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मी एकटा उरलो. तेवढा वेळ मी कसा धरून राहिलो, माझं मला माहीत. हळूहळू वाफ शांत झाली, झाकणाचा ताण उतरला.

तासाभराने सगळे आत आले. शालिकरामांनी झाकण काढलं, नळीत सुई घातली आणि ते पांढरं साल बाहेर आलं, नखाएवढं. मग त्यांनी झाकण उलटं केलं. तांब्याचं बूच तसंच चमकत होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"वर्कशॉपात असं कोणी केलं असतं तर त्याले मी गेटात पाय ठेवू नसता दिला," ते म्हणाले. "अन् घरी मीच करून ठेवलं. माह्याच पोरीसाठी."

अनुसयाबाईंनी करपलेला तळ खरवडता खरवडता एक दाणा दाबून पाहिला. तो अजूनही टणक होता. "वरणात चिंच आपण मागून टाकतो ना?" त्या म्हणाल्या. "आंबटात दाणा शिजते का कधी?" श्रुतिकाने मोबाइल बाजूला ठेवला.

त्याच दुपारी शालिकरामांनी स्वतः छिन्नी लावून ते बूच काढलं, मला पिशवीत घालून दुकानात नेलं, झाकण तपासून घेतलं आणि नवा वॉल्व्ह बसवून आणला, तोच बाजारातला कच्चा. वाटेत मलाजखंडच्या दुर्गाबाईंना फोन करून त्यांना बसवून दिलेलं बूचही काढायला सांगितलं. हे सांगताना त्यांची मान खाली होती.

रविवारी राजमा एकटाच शिजला, पाण्यासकट मी अर्धाच भरलेला, फेस येऊ नये म्हणून चमचाभर तेल. दाणे लोण्यासारखे झाले. मग झाकण न लावता, मला तव्यावर ठेवून, मंद आचेवर तोच राजमा कांदा, लसूण, टोमॅटो, गूळ आणि मोहरीची पूड घालून दीड तास रटरटला. व्हिनेगर सगळ्यांत शेवटी. सोमवारी डबा मुक्कीला गेला. खेमराजांनी दोनदा वाढून घेतलं, आणि नाश्ता आता श्रुतिकाकडे आहे.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. आज घरी गेल्यावर आईला किंवा बाबांना सोबत घ्या आणि तुमच्या कुकरचं झाकण उजेडात धरा. नळीतून पलीकडचं दिसलं पाहिजे. आणि वॉल्व्हच्या जागी कुणी काही पक्कं ठोकून ठेवलं असेल, तर त्याचं कौतुक करू नका.

माझी भीती पुरती गेलेली नाही. अजूनही पहिल्या शिट्टीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण आता घाबरणारा मी एकटा नाही. मी शेगडीवर चढलो की अंगणातली खटपट थांबते. मग माझी शिट्टी होते, आणि बाहेरून शालिकराम हळूच म्हणतात, "हौ."