खांदेमळणीचं तूप

बैलाचं अंग कधी गप्प राहत नाही. माशी बसो की न बसो, कातडीवरून एक लहर जाते, विहिरीच्या पाण्यावरून वारा सरकावा तशी. त्या लहरीवरच तनुजा रंग लावायला शिकली. टाकळीच्या गोठ्यात, पोळ्याच्या सकाळी. लहर आली की हात उचलायचा, गेली की टेकवायचा. शिंगांना हिंगूळ, पाठीवर गेरूचे ठसे, आणि तोंडात आपलीच जुळवलेली ओवी:

रंग लाविते नंदीला, नंदी हालवितो मान
बाप म्हणं लेकीबाई, तुझ्या हाताला गं जान

बाप म्हणजे सर्जेराव. तेव्हा तो खरंच म्हणायचा तसं. गावभर सांगत फिरायचा, "वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल आमचाच जाणार. आमच्या तनूनं रंगवलाय."

पण माणसाचं अंग रंगवायचं म्हटल्यावर त्याच बापाचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं.

तनुजा शहरात आली ती ब्यूटी पार्लर शिकायला. पुंडलिकनगरात एका पार्लरमध्ये भुवया कोरायची, मेंदी काढायची. एकदा मालकिणीनं तिला कुणाच्या वाढदिवसाला पाठवलं, पोरांच्या गालांवर फुलपाखरं काढायला. एक पोरगी रडून रडून लाल झालेली, कुणाला हात लावू देईना. तनुजानं तिच्या कानामागं हळूच फुंकर घातली, बुजऱ्या वासराला घालतात तशी. पोरगी हसली आणि तिनं गाल पुढं केला. त्या दिवशी अख्खी गल्ली वाघ, ससे आणि फुलपाखरांनी भरून गेली. मग एका वाढदिवसावरून दुसरा, गणपतीत ढोलपथकाची तोंडं, शाळांची स्नेहसंमेलनं. पुढं चारुताताईंची शिकवणी मिळाली. नाटकांची रंगभूषा करत त्यांचे केस पिकले होते. कातडीला चालणारे रंग कोणते, स्पंज किती ओला हवा, हे त्यांनी शिकवलं. "आणि एक गाठ मारून ठेव तनुजा," त्या म्हणायच्या, "अंग कोरडं, अंग स्वच्छ. तेलाचा थेंब नको. नाहीतर रंग तुझं ऐकणार नाही."

आता एक नृत्यसंस्था वेरूळच्या लेण्यांवर मोठा कार्यक्रम बसवत होती. दगडातल्या मूर्ती जाग्या होतात आणि नाचतात, असा. नाचणाऱ्यांची अंगं रंगवायला एक मुख्य रंगकार हवा होता. निवड चारुताताई आणि संस्थेचे केयूर सर करणार होते. ज्यानं त्यानं आपलं माणूस आणायचं, सकाळी बसायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणसाचा दगड करून दाखवायचा.

सर्जेरावांनी तालुक्याच्या गावी पार्लरसाठी गाळा बघून ठेवला होता. "ह्या खेपेला झालं तर झालं," ते फोनवर म्हणाले होते. "नाय झालं तर गुमान गाळ्यात बसायचं. व्हय का नाय?"

"व्हय," तनुजा म्हणाली होती. शब्द दिला होता.

निवडीच्या सकाळी सर्जेराव स्वतःच एस.टी.नं येऊन दाखल झाले. धोतर, टोपी, आणि पिशवीत म्हशीच्या तुपाची बरणी. तनुजाच्या आईनं, सरूबाईनं, लेकीसाठी दिलेली. हॉलच्या दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं. चार-पाच तरुण उघड्या अंगानं स्टुलांवर बसलेले, कुणी करडं होत चाललेलं, कुणी काळं.

"अरारा," ते पुटपुटले. "धुळवड लवकर आली म्हणायची."

तेवढ्यात तनुजाचा फोन वाजला. तिच्यासाठी बसणार होता तो व्यायामशाळेतला आकाश.

"ताई, लई मोठी गडबड झाली. पोरीकडचे आजच बघायला यायलेत."

"आरं, मग कधी येतोस?"

"येतो कसा? करड्या तोंडानं चहाचा ट्रे धरू का त्यांच्यासमोर?"

फोन बंद झाला. बाकीच्यांचे रंग चढत होते आणि तनुजापुढचं स्टूल रिकामं होतं. तिनं डबे झाकले, उघडले, परत झाकले. रडली नाही, पण नाकाचा शेंडा लाल झाला. तो शेंडा सर्जेरावांनी ओळखला. लहानपणी वासरू मेलं तेव्हाही असाच झाला होता.

त्यांनी बरणी खाली ठेवली. सदऱ्याची गुंडी काढली.

"आबा, काय करायलात?"

"बसतो की. बैलापेक्षा बरा हाय ना मी? शिंगं तेवढी नायत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हरायचं तर नीट हर. रिकाम्या स्टुलापायी हरली असं कुणी म्हणू नये माझ्या लेकीला. पण टोपी काढायचो नाय, सांगून ठेवतो."

बसले खरे, पण चार लोकांत उघड्या अंगानं बसायची सवय नाही. ओला स्पंज लागला की अंगावर काटा यायचा. खांदे कानापर्यंत चढलेले. तनुजानं छातीवर, दंडांवर करडा रंग कसाबसा धरवला, पण खांद्यांची थरथर थांबेना. ही लहर नव्हती, हे भ्यालेल्या जनावराचं कापणं होतं.

अशा वेळी काय करायचं हे तिच्या डोक्यानं ठरवलंच नाही. ते हातांनीच ठरवलं. हात बरणीकडे गेला. बोटभर तूप घेऊन ती बापाच्या खांद्यांवर चोळू लागली, पोळ्याच्या आदल्या सांजेला जुवानं घासलेल्या बैलाच्या खांद्याला चोळतात तसं, गोल गोल, दाबून. तोंडातून शब्दही तेच आले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

सर्जेराव आधी चमकले, मग खुदकन हसले. "आवतन घेतलं बाई," म्हणाले. खांदे सैल होऊन खाली उतरले. काटा गेला. म्हातारा डोंगरासारखा निवांत बसला.

तनुजा खुशीत रंगाकडे वळली. स्पंज खांद्यावर फिरवला. रंग धरेना. थेंब थेंब होऊन पळू लागला. जिथं बसला तिथं वाळता वाळता तडकला, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखा.

शेजारच्या स्टुलापाशी अंबिका होती, तिच्याच शिकवणीतली. वाकून म्हणाली, "तूप? तनुजा, तूप लावलंस? पुरणपोळी आहे का ती?"

दोघंतिघं हसले. सर्जेरावांनी मान वळवून खांद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"येडे," ते हळूच म्हणाले, "खांदेमळण आदल्या दिशी. दुसऱ्या दिशी बैल नदीवर न्यायचा, धुवायचा, मग रंग. तू मधली नदीच इसरलीस की गं."

नदी विसरली. खरंच. घासून काढायचं म्हटलं तर सगळं अंग नव्यानं करावं लागणार, आणि जेवणाची सुट्टी तोंडावर आलेली. तालुक्याचा गाळा तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. शटर, आरसा, फिरती खुर्ची.

तिनं ओलं फडकं उचललं. खांद्यापाशी नेलं. आणि तेवढ्यात आबांनी श्वास घेतला.

खांदा वर आला तशा भेगा रुंदावल्या. करड्या खपल्यांच्या फटींतून उन्हानं रापलेली कातडी दिसली, जिवंत, तुपानं चकाकणारी. श्वास सोडला, भेगा मिटल्या. ह्याच खांद्यावर बसून तिनं टाकळीची जत्रा पाहिली होती, पाळणा आणि रेवड्यांचा ढीग आणि साऱ्या गावाची डोकी.

तनुजानं फडकं खाली ठेवलं.

आता ती रंगकाम करत नव्हती, रान नांगरत होती. बोटाच्या टोकावर जरासं तूप घेऊन तिनं खांद्यावरून छातीकडे बारीक रेघा ओढल्या, वर घट्ट रंग थापला, वारा घातला. तडा कुठं जायचा ते तूप सांगू लागलं. एक भेग मानेकडे, एक काळजाकडे, एक पाठीवरून खाली, पिंपळाची मुळी भिंतीत उतरावी तशी. बाकी अंग लेण्यातल्या खांबासारखं थंड, काळं-करडं. कोपरांच्या खळग्यांत तिनं सावली भरली, बरगड्यांवर छिन्नीच्या खुणा काढल्या. ओठ आपोआप ओवी पुटपुटत होते. लहर आली, हात वर. लहर गेली, हात खाली. अंबिकाचं हसणं कधी थांबलं ते तिला कळलंही नाही.

चारुताताई आणि केयूर सर एकेका स्टुलापाशी थांबत आले. सगळीकडे सुबक दगड होते, गुळगुळीत, न चुकलेले. तनुजापाशी येताच चारुताताईंच्या नाकाला आधी वास लागला.

"साजूक तूप?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "मी काय सांगितलं होतं?"

"चुकले ताई. आधी चुकले," तनुजा म्हणाली. "मग चूक कामाला लावली."

केयूर सर म्हणाले, "पण हा तर मोडलेला दगड झाला. आम्हाला जागा होणारा हवाय."

तनुजानं बापाकडे पाहिलं. सर्जेरावांनी लेकीकडे पाहिलं. मग कुणी न सांगता, त्यांनी आपल्या हातानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आबा," ती म्हणाली, "जू उतरवा."

सर्जेरावांनी डोळे मिटले. खोल श्वास भरला. संध्याकाळी जू उतरल्यावर बैल झटकतो तसे त्यांनी दोन्ही खांदे झटकले. तडे मानेपासून काळजापर्यंत धावत गेले. खपल्या ढासळल्या, स्टुलाभोवती करडा चुरा सांडला. आणि त्या दगडातून माणसाचे खांदे बाहेर आले, तांबूस, ओलसर, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे चकाकणारे.

मग अंबिकाच्याच तोंडून निघालं, "अगं बाई!" आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

केयूर सरांनी खाली वाकून एक खपली उचलली, बोटांत चुरगळली. "हे रोज करता येईल? वीस जणांच्या अंगावर?"

"तूप किती लावायचं ते आता हाताला कळलंय," तनुजा म्हणाली. "आणि नाचणारी माणसं हालतीलच की. हालत्या अंगावरच शिकलेय मी."

चारुताताईंनी केयूर सरांकडे बघितलंसुद्धा नाही. तनुजाच्या रंगानं माखलेल्या हातांवर आपले हात ठेवून म्हणाल्या, "मुख्य रंगकार मिळाली. आणि माझी गाठ मात्र तू सोडलीस गं. आता मलाही शिकव ती कशी सोडायची."

तनुजाच्या नाकाचा शेंडा परत लाल झाला, पण ह्या वेळी सर्जेरावांना त्याची काळजी वाटली नाही. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, सदरा खांद्यावर टाकला आणि उभे राहिले.

"आबा, तिकडं नळ हाय. धुऊन टाकू या."

"धुवायचं? खुळी का काय! पोळ्याचा बैल मिरवल्याबिगर धुतेत का कधी?" ते दाराकडे चालू लागले. "चल. पुंडलिकनगरातून पायी जाऊ. मग तसाच एस.टी.त बसतो. टाकळीत उतरल्यावर सांगीन सगळ्यास्नी, आमच्या तनूनं रंगवलाय."

"आन् गाळ्याचं?"

"कसला गाळा?" सर्जेराव म्हणाले.

हॉलच्या दारावर कुठल्याशा जुन्या कार्यक्रमाचं झेंडूचं तोरण सुकून लोंबत होतं. त्याच्याखाली येताच ते थबकले, टोपी नीट केली, मान ताठ केली. मागून लेकीची ओवी आली, गळ्यातल्या गळ्यात नाही, चांगली मोकळ्या आवाजात. अन् रंगवलेला म्हातारा तोरणाखालून पहिला बाहेर पडला.